आगम, लोप, विपर्यय, विकार : आरंभीच्या मूक लघुपटांतील चमत्कृती आणि हास्य

१

आरंभीच्या मूक लघुपटांविषयी लिहिताना 'चमत्कृती' आणि 'हास्य' ही दोन पदे इतक्या वेळा शेजारी शेजारी येतात की, त्यांचा जणू एक रूढ सामासिक शब्दच बनून गेला आहे. या समासाचा विग्रह मात्र क्वचितच केला जातो. तो द्वंद्व मानावयाचा, म्हणजे या लघुपटांत चमत्कृतीही आहे आणि हास्यही आहे एवढेच म्हणावयाचे, की तो पंचमी तत्पुरुष मानून चमत्कृतीपासून हास्य निष्पन्न होते असे म्हणावयाचे? पहिला पक्ष निरुपद्रवी आहे, परंतु त्याने काहीच सांगितले जात नाही. दुसरा पक्ष अधिक प्रचलित आहे. पडद्यावर अशक्य गोष्ट दिसली म्हणून प्रेक्षक हसला, असे त्याचे थोडक्यात म्हणणे आहे.

हे म्हणणे अनुभवाला उतरत नाही. अशक्य गोष्ट दिसली असता मनुष्य थक्क होतो, भितो, क्वचित हातही जोडतो. तो हसेलच असा नियम नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचा उगम शृंगारात आणि अद्भुताचा वीरात सांगितला आहे. एकाचा स्थायिभाव हास, दुसऱ्याचा विस्मय. म्हणजे आपल्या साहित्यशास्त्राने या दोघांची कुळेच निराळी मानली. मग १८९५ ते १९०८ या अवघ्या तेरा-चौदा वर्षांच्या काळात, फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्ये, एकेका मिनिटाच्या चित्रफितींतून ही दोन्ही कुळे एका घरात कशी नांदू लागली, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

या लघुपटांकडे पाहण्याच्या दोन दृष्टी रूढ आहेत. जुनी दृष्टी कथापटाच्या शिखरावरून मागे वळून पाहणारी आहे. तिच्या लेखी ल्यूमिएर बंधू वास्तवाचे जनक, जॉर्ज मेलिएस हा अद्भुताचा जनक, आणि दोघांचेही लघुपट म्हणजे पुढे येणाऱ्या प्रौढ कलेचे बालपण होय. दुसरी दृष्टी टॉम गनिंग आणि आंद्रे गोद्रो यांनी १९८०नंतरच्या दशकात मांडली. तिला 'आकर्षणांचा चित्रपट' असे नाव मिळाले. हे लघुपट गोष्ट सांगत नाहीत, ते 'दाखवितात'; प्रेक्षकाला गोष्टीत गुंगवून टाकण्याऐवजी ते त्याच्यासमोर उभे राहून त्याचे लक्ष वेधून घेतात, असा तिचा आशय आहे. या दुसऱ्या दृष्टीने या लघुपटांना त्यांचा स्वतःचा मान मिळवून दिला, हे मान्यच केले पाहिजे. तथापि हास्याचा उलगडा तिनेही पुरतेपणी होत नाही. नुसते दाखविल्याने विस्मय उत्पन्न होतो. हसण्यासाठी आधी काहीतरी अपेक्षित असावे लागते, आणि अपेक्षा निर्माण होण्यास कितीही लहान का होईना, एक वाक्य लागते.

२

प्रथम तंत्राचा विचार करणे अवश्य आहे, कारण या विषयातील पुष्कळसा गोंधळ तंत्राविषयीच्या दंतकथेतून उत्पन्न झाला आहे. मेलिएस पॅरिसमधील ऑपेराच्या चौकात चित्रण करीत असता कॅमेरा क्षणभर अडकला, पुन्हा सुरू झाला, आणि फीत पडद्यावर पाहताना एका प्रवासी गाडीची शववाहिका झालेली दिसली, ही कथा स्वतः मेलिएसने १९०७ साली सांगितली. कथा गोड आहे. परंतु कॅमेरा थांबवून पात्राच्या जागी बाहुला ठेवण्याची युक्ती एडिसनच्या संस्थेने १८९५ साली मेरी स्टुअर्टच्या शिरच्छेदाच्या लघुपटात आधीच वापरली होती. शिवाय मेलिएसच्या उपलब्ध फितींची बारकाईने तपासणी झाली तेव्हा असे आढळले की, बदल घडतो त्या जागी फीत कापून जोडलेली आहे. कॅमेरा थांबविल्याने साधणारा बदल ओबडधोबड असे. पात्राची हालचाल दोन्ही बाजूंनी अचूक जुळावी म्हणून नको त्या चौकटी कात्रीने काढून टाकाव्या लागत. ज्याला आपण योगायोगाचे अपत्य समजतो ते वस्तुतः शस्त्रक्रियेचे अपत्य होते.

ही शस्त्रक्रिया यशस्वी होण्यास एक अट होती आणि तीच या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जे बदलावयाचे ते सोडून चौकटीतील अन्य काहीही बदलता कामा नये. कॅमेरा केसभरही हलू नये, मागचा पडदा, टेबल, खुर्ची, दिवा जेथल्या तेथे राहावे, आणि इतर पात्रांनी बदल होईपर्यंत हातपाय आवरून निश्चल उभे राहावे. मेलिएसच्या चित्रांतील कॅमेरा प्रेक्षागृहातील एखाद्या प्रेक्षकाप्रमाणे एकाच जागी बसून असतो, यावरून त्याला रंगभूमीच्या चाकोरीत अडकलेला म्हणण्याची प्रथा आहे. हा आक्षेप घेणारे हे विसरतात की, येथे स्थैर्य ही युक्तीची पूर्वअट आहे. अविकृत भाग जितका घट्ट, तितका विकृत भाग स्पष्ट.

भाषेच्या अभ्यासकाला ही अट अपरिचित नाही. 'नुकसान' या शब्दाचे 'नुस्कान' होते तेव्हा क आणि स यांची अदलाबदल झाली हे आपल्याला कळते, कारण शब्दाचा उरलेला सांगाडा जसाच्या तसा असतो. सगळीच अक्षरे बदलली तर विपर्यय झाला असे कोणी म्हणणार नाही. दुसराच शब्द उच्चारला असे म्हणेल. परिवर्तन ओळखू येण्यास अपरिवर्तित भागाची साक्ष लागते.

३

निरुक्ताच्या परंपरेत शब्दाच्या रूपात घडणारे फेरफार पाच प्रकारांत सांगितले आहेत. त्यांपैकी चार वर्णांविषयीचे आहेत : वर्णाचा आगम, वर्णांचा विपर्यय, वर्णाचा विकार आणि वर्णाचा नाश अथवा लोप. 'स्कूल'चे 'इस्कूल' होणे हा आगम. 'नुस्कान' हा विपर्यय. 'हस्त'पासून 'हात' हा विकार. 'स्थान'पासून 'थान' हा लोप. पाचवा प्रकार वर्णांचा नाही, अर्थाचा आहे. धातूचा आपल्या नेहमीच्या अर्थाहून अधिक अशा अर्थाशी योग होणे, असे त्याचे स्वरूप आहे. त्याकडे शेवटी वळू.

चित्रपट ही भाषा नव्हे, हे येथेच सांगून टाकलेले बरे. चित्रचौकटीला वर्ण म्हणता येत नाही. वर्ण स्वतः निरर्थक असून अर्थभेद घडवितो, तर चौकटीतील प्रत्येक वस्तू आधीच सार्थ असते. क्रिस्तियाँ मेत्झ यांनी चित्रपटाला भाषेची दुहेरी घडण नाही असे दाखवून हा भेद पुरेसा स्पष्ट केला आहे. तेव्हा पुढील वर्गीकरण हे साम्याचे आहे, तादात्म्याचे नाही. परंतु त्या साम्याने एक गोष्ट साधते : यंत्राच्या कृतीवरून नव्हे, तर पडद्यावर दिसणाऱ्या परिणामावरून चमत्कृतींची विभागणी करता येते.

लोपाचे पहिले प्रसिद्ध उदाहरण म्हणजे मेलिएसचा १८९६चा, रोबेर-ऊदँ रंगमंदिरातील स्त्री अदृश्य झाल्याचा लघुपट. हे जादूचे रंगमंदिर मेलिएसने १८८८ साली विकत घेतले होते. लघुपटात जादूगार जमिनीवर वर्तमानपत्र पसरतो, त्यावर खुर्ची ठेवतो, खुर्चीवर स्त्रीला बसवितो, तिच्यावर वस्त्र टाकतो आणि वस्त्र उचलताच खुर्ची रिकामी दिसते. नंतर तिच्या जागी सांगाडा येतो आणि अखेर स्त्री परत येते. या प्रयोगात वर्तमानपत्र लक्षणीय आहे. रंगभूमीवर त्याचे प्रयोजन असते. खाली भुयारी दार नाही याची ते साक्ष देते. पडद्यावर दाराची गरजच नाही, तरी साक्ष कायम आहे. असा हा प्रामाणिकपणाचा अभिनय पाहून प्रेक्षक थक्क होतो, परंतु हसत नाही. स्त्री नाहीशी झाल्याने चौकटीतील कोणाचेही काही अडलेले नसते. जादूगाराला जे हवे होते तेच घडते.

याच लोपाचे दुसरे रूप एका वर्षानंतरच्या झपाटलेल्या खानावळीच्या लघुपटात दिसते. थकलेला प्रवासी खोलीत येतो, सामान ठेवतो, ते नाहीसे होते. मेणबत्ती जागा बदलते, बूट आपल्या पायांनी, म्हणजे पायांशिवायच, चालू लागतात, आणि ज्या पलंगासाठी तो आला तोच दिसेनासा होतो. तंत्र तेच, कारागीर तोच. परंतु येथे प्रेक्षक हसतो. फरक इतकाच की, आता लोप कोणाच्या तरी इच्छेवर आणि सवयीवर येऊन पडला आहे. प्रवाशाला झोपावयाचे आहे.

आगमाचे सर्वांत शुद्ध उदाहरण म्हणजे १९००चा 'ल देझाबियाज अँपोसिब्ल', अर्थात कपडे उतरविण्याची अशक्य गोष्ट. एक गृहस्थ निजण्यापूर्वी कोट काढतो तो अंगावर दुसरा कोट येतो. टोपी काढली की टोपी, विजार काढली की विजार. काढलेले कपडे खोलीभर साचतात आणि अंगावरचे कमी होत नाहीत. गृहस्थ जितका चपळ होतो तितके कपडे अधिक चपळ होतात, आणि अखेर तो लोळण घेतो. या लघुपटात एकही राक्षस, परी किंवा जादूगार नाही. दररोज रात्री प्रत्येक मनुष्य करतो ती कृती आहे आणि तिच्यात एकच फेरफार आहे. वजाबाकीच्या प्रत्येक पायरीवर बेरीज होते. पुढल्याच वर्षी लंडनमध्ये आर. डब्ल्यू. पॉलच्या संस्थेसाठी वॉल्टर बूथने हीच कल्पना पुन्हा चित्रित केली. युक्ती सीमा ओलांडून गेली याचे कारण कदाचित हेच की, निजण्यापूर्वी कपडे उतरविण्याला भाषांतर लागत नाही.

विकाराचे उदाहरण १९०१चे, रबरी डोक्याच्या माणसाचे. रसायनशास्त्रज्ञ स्वतःच्याच डोक्याची प्रतिकृती टेबलावर ठेवून भात्याने फुगवितो. ते डोके खरोखर मोठे होते. युक्ती अशी की, काळ्या पार्श्वभूमीवर मेलिएस स्वतः एका खुर्चीत बसून उतारावरील रुळांवरून कॅमेऱ्याच्या जवळ सरकत होता. त्या चित्रणाचा दुसरा ठसा त्याच फितीवर घेतला गेला. म्हणजे ज्याला आपण वृद्धी म्हणून पाहतो ते केवळ सान्निध्य होते. परंतु हसू शास्त्रज्ञाने डोके फुगविल्याने येत नाही. शास्त्रज्ञ सावध आहे, त्याला मर्यादा ठाऊक आहे. त्याचा विदूषकी मदतनीस भाता हाती घेतो आणि आपले काम मन लावून करतो तेव्हा हसू येते. तो दुष्ट नाही, तो उत्साही आहे. डोके फुटते, आणि शास्त्रज्ञ त्याला लाथ मारून हाकलून देतो.

विपर्ययाचे उदाहरण मेलिएसकडे शोधण्याची जरुरी नाही. ते वास्तवाचे जनक म्हणून गौरविलेल्या ल्यूमिएरांकडेच सापडते. १८९६च्या त्यांच्या एका फितीत कामगार भिंत पाडताना दिसतात. ही फीत उलटी फिरविली असता धुळीच्या लोटातून भिंत आपण होऊन उभी राहते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएरांच्या फितींचा जो पहिला खेळ झाला त्याच्या कार्यक्रमपत्रिकेतही 'पाडकाम' हे शीर्षक होते. वास्तव आणि अद्भुत यांची जी भिंत टीकाकारांनी बांधली तिचा हा पहिला दगड निखळतो : वास्तवाची फीत केवळ दिशा बदलताच चमत्कृती झाली.

ल्यूमिएरांचा याहून सूक्ष्म विपर्यय २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्राँ काफेमधील पहिल्या सशुल्क खेळातच दाखविला गेला होता. माळी नळीने बागेला पाणी घालीत आहे. एक खोडकर मुलगा मागून नळीवर पाय देतो, पाणी बंद होते. माळी नळीचे तोंड डोळ्यासमोर धरून पाहतो, मुलगा पाय काढतो, आणि माळी भिजतो. हा लघुपट पुढे 'लारोझर आरोझे' या नावाने ओळखला जाऊ लागला. त्या नावाचा शब्दशः अर्थ 'शिंपणारा शिंपला गेला' असा आहे. एकाच धातूचे कर्तृवाचक आणि कर्मवाचक रूप शेजारी ठेवून नाव देणाऱ्याने लघुपटाचे सारे व्याकरण दोन शब्दांत सांगून टाकले आहे. येथे कॅमेऱ्याची काही युक्ती नाही, तरी विपर्यय आहे, आणि तो कारकांचा आहे. कर्ता कर्म झाला. पुढे माळी मुलाचा पाठलाग करून त्याला पकडतो आणि चोप देण्यासाठी पुन्हा चौकटीच्या पुढच्या भागात ओढून आणतो. शिक्षा प्रेक्षकासमोर झाली पाहिजे, एवढे भान त्या पाऊणएक मिनिटाच्या फितीला आहे.

४

वरील उदाहरणांवरून एक सूत्र निघते. आगम, लोप, विपर्यय आणि विकार हे चमत्कृतीचे प्रकार होत, हास्याचे नव्हेत. त्यांच्यापासून विस्मय निश्चित मिळतो. हास्य मिळण्यासाठी त्या फेरफाराचा एखाद्या चालू क्रियेशी, म्हणजे कोणाच्या तरी सवयीशी, योग व्हावा लागतो. आणि ती सवय फेरफारानंतरही बंद पडता कामा नये. माणूस चमत्कार पाहून चमत्कार झाला असे म्हणत नाही, तो पुन्हा कोट काढतो. या हट्टामुळे साध्या क्रियेला तिच्या नेहमीच्या अर्थाहून अधिक अर्थ चिकटतो. निरुक्ताच्या पाचव्या प्रकाराची आठवण येथे अपरिहार्य होते. चार प्रकार रूपाचे, पाचवा अर्थातिशयाचा; आणि हास्य या पाचव्यात आहे.

ज्या वर्षी कपडे न उतरणाऱ्या गृहस्थाचा लघुपट निघाला त्याच वर्षी, १९०० साली, पॅरिसमध्येच ॲन्री बेर्गसाँ यांचा हास्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. सजीवावर यांत्रिकतेचे कवच चढले की हास्य उत्पन्न होते, हा त्यांचा सिद्धांत सुप्रसिद्ध आहे. पुनरावृत्ती आणि उलटापालट यांची त्यांनी केलेली चर्चा या लघुपटांना चपखल लागू पडते. परंतु एका ठिकाणी लघुपट सिद्धांताच्या पुढे जातात. निजावयास निघालेला गृहस्थ यंत्र झालेला नाही. यंत्रासारखे अचूक वागतात ते कपडे, आणि गृहस्थ तर त्यांच्याशी झगडताना अधिकाधिक सजीव होत जातो. सवय ही येथे केवळ जडत्व नाही, ती त्याची प्रतिष्ठाही आहे. सारे जग अनियमित झाले तरी आपण नियमाने निजावे, हा त्याचा आग्रह हास्यास्पद आहे आणि काही अंशी आदरणीयही. बेर्गसाँना हास्यासाठी हृदयाची क्षणिक बधिरता आवश्यक वाटली. या लघुपटांचे हास्य तितके बधिर नाही.

इंग्लंडमधील लघुपटांत हे सूत्र अधिक कठोर परीक्षेस उतरते, कारण तेथे फेरफार मृत्यूपर्यंत जातो. सेसिल हेपवर्थच्या १९००च्या लघुपटात मोटारगाडीचा स्फोट होतो, धूर निवळतो, आणि काही वेळाने आकाशातून प्रवाशांचे अवयव पडू लागतात. घटना भीषण आहे. पण तेथे एक पोलीस येतो आणि पडलेले अवयव पद्धतशीरपणे जमवून लावू लागतो. कोठेही अपघात झाला असता पोलिसाने जे करावयाचे तेच तो करीत आहे. बीभत्सालाही हास्याकडे वळविणारी गोष्ट स्फोट नव्हे, ही कर्तव्यदक्षता आहे.

जी. ए. स्मिथच्या 'मेरी जेन्स मिसहॅप' (१९०३) या लघुपटात मोलकरीण चूल पेटविण्यासाठी घासलेट ओतते. बूट पुसताना तिच्या ओठांवर काळी मिशी उमटते, ती प्रेक्षकांकडे पाहून डोळा मिचकावते, आणि हे सारे स्मिथ जवळून घेतलेल्या चित्रांतून दाखवितो. मग स्फोट होतो, मेरी जेन धुराड्यातून आकाशात जाते आणि तुकड्यांनी खाली येते. थडग्यावरील लेखात इंग्रजीतील 'शांती' आणि 'तुकडे' या जवळजवळ समोच्चारी शब्दांवर श्लेष केलेला आहे : मृतास चिरविश्रांती मिळो असे म्हणण्याच्या जागी तुकड्यांनी विश्रांती मिळो असे तो म्हणतो. एका ध्वनीचा विकार आणि शोकाचे वाक्य विनोदाचे होते. पडद्यावर जे घडले तेच दगडावर घडते. आणि शेवटी मेरी जेनचे भूत थडग्यातून उठते ते कशासाठी? सूड घेण्यासाठी नाही. घासलेटचा डबा परत नेण्यासाठी. सवय मृत्यूलाही पुरून उरली. अर्थातिशयाचे याहून नेमके उदाहरण त्या दशकात मिळणे कठीण आहे.

जेम्स विल्यमसनच्या 'द बिग स्वॉलो' (१९०१) या लघुपटाचा येथे अपवाद म्हणून विचार केला पाहिजे. आपले चित्र घेऊ नये म्हणून हुज्जत घालणारा मनुष्य कॅमेऱ्याच्या जवळ जवळ येतो, त्याच्या तोंडाने सारी चौकट व्यापली जाते, कॅमेरा आणि छायाचित्रकार दोघेही त्या अंधारात पडतात, आणि मनुष्य चघळीत चघळीत समाधानाने मागे सरतो. ज्या स्थिर चौकटीच्या साक्षीवर सर्व चमत्कृती उभ्या होत्या ती चौकटच येथे गिळली गेली. मग उरलेले चित्र कोण घेत आहे, हा प्रश्न तर्काला पडतो, प्रेक्षकाला पडत नाही. व्याकरणाच्या नियमाने व्याकरणालाच बाधा आणावी असा हा प्रकार आहे. परंतु येथेही हसू येते ते गिळण्याचे नाही, मागाहून चघळण्याचे. जेवण झाल्यावर मनुष्य जे करतो तेच त्याने केले.

५

सूत्र खरे असेल तर त्यावरून गुणदोषांचा निर्णयही करता आला पाहिजे, अन्यथा ते वर्णनापुरतेच राहील. मेलिएसच्याच पुष्कळ लघुपटांत रूपांतरामागून रूपांतर होते, परंतु कोणालाही काही हवे असत नाही. १९००च्या एकपात्री वाद्यवृंदात तो सात ठशांनी सात वादक होतो, १९०३च्या 'ल मेलोमान'मध्ये स्वतःची मस्तके तारांवर फेकून त्यांची स्वरलिपी करतो आणि इंग्लंडचे राष्ट्रगीत सिद्ध करतो. कल्पना देखणी आहे, कौशल्य निर्विवाद आहे, परंतु स्वरूप प्रदर्शनाचे आहे. याउलट १८९८च्या चार मस्तकांच्या लघुपटात तो काढून ठेवलेल्या स्वतःच्याच मस्तकांसमोर बँजो वाजवितो, ती मस्तके गाऊ लागतात, त्यांच्या गाण्याने तो वैतागतो आणि बँजोने दोन मस्तकांना गप्प करतो. तंत्र तेच, पण येथे त्रासलेला शेजारी आहे, म्हणून हसू आहे.

सेगुन्दो दे चोमोनच्या 'विद्युत्-उपाहारगृह' (१९०८) या लघुपटावरही हाच निकष लावता येतो. सामान आपण होऊन खोलीत जाते, कपडे कपाटात बसतात, बुटांना ब्रश आपोआप लागतो. प्रेक्षक कौतुक करतो, क्वचित स्मित करतो. यजमान-पाहुण्यांना जे हवे तेच घडत असल्यामुळे चमत्कृती ही येथे केवळ सोय झाली आहे. शेवटी यंत्रघरातील मद्यधुंद कामगारामुळे सगळी व्यवस्था कोलमडते तेव्हा हास्य एकदम प्रवेश करते. याच चोमोनचा एका वर्षापूर्वीचा जपानी कसरतपटूंचा लघुपट अधिक सरस आहे. वरून चित्रण केलेले, जमिनीवर आडवे पडलेले नट मनुष्यमनोरे रचल्याचा आव आणतात. एकाच पोरसवदा कसरतपटूच्या अंगावर सारे कुटुंब उभे राहते. गुरुत्वाकर्षणाचा लोप झाला आहे आणि कसरतपटूंचा रंगमंचीय गांभीर्याचा नियम मात्र अभंग आहे. प्रयोग संपताच ते रीतसर अभिवादन करतात.

या निकषाचा आपल्याकडील एका जुन्या प्रश्नाशी खरा संबंध आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले तेव्हा त्यांना चित्रशाळा पाहण्यास मिळाली ती सेसिल हेपवर्थची, ज्याने मोटारगाडीचा स्फोट चित्रित केला होता. परत येताना त्यांनी विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणला. 'राजा हरिश्चंद्रा'च्या आधी त्यांनी वाटाण्याच्या अंकुराची वाढ दाखविणारी छोटी फीत तयार केली. कॅमेरा महिनाभर एकाच जागी ठेवून थोडे थोडे चित्रण करावयाचे, ही तिची पद्धत म्हणजे मेलिएसचीच अट शास्त्रीय कामास लावलेली होती. जादूचे प्रयोग ते 'प्रोफेसर केळफा' या नावाने करीत. 'फाळके' या आडनावाची अक्षरे उलट्या क्रमाने लिहिली की 'केळफा' होते. भिंतीची फीत उलटी फिरविणे आणि आडनाव उलटे फिरविणे यांत प्रकारभेद नाही. ज्याने विपर्यय स्वतःच्या नावावर केला त्याला या कलेचे मर्म शिकवावे लागले नसेल.

असे असता फाळक्यांच्या चमत्कृतींचा विचार आपल्याकडे बहुधा भक्तीच्या अंगाने होतो. देव प्रकट झाला, प्रेक्षकांनी हात जोडले, एवढ्यावर विवेचन थांबते. वर सांगितलेल्या सूत्रानुसार हे अर्धे खरे आहे. देवाच्या चमत्काराने कोणाचीही सवय मोडत नाही. ज्याची अपेक्षा होती तेच घडते, म्हणून तेथे विस्मय आहे, हास्य नाही. परंतु 'कालियामर्दन' (१९१९) या चित्रपटात देव हाच खोडकर मुलगा आहे. मंदाकिनी फाळके या लहान मुलीने ती भूमिका केली, आणि चित्रपटाच्या आरंभीच ती निरनिराळे मुखभाव करून दाखविते. म्हणजे कृष्ण येण्याआधी नटीची ओळख होते. पुढील लोणी चोरण्याच्या व खोड्यांच्या प्रसंगांत शेजाऱ्यांच्या घरगुती सवयींवर संकट येते, आणि त्या प्रसंगांचे कूळ यमुनेच्या डोहापेक्षा ल्यूमिएरांच्या बागेशी अधिक जवळचे आहे. एकाच चित्रपटात अद्भुत आणि हास्य आपापल्या अटींवर निरनिराळे नांदतात, हे तेथे डोळ्यांनी पाहता येते. फाळक्यांच्या अभ्यासात चमत्कृतीच्या दालनाशेजारी हास्याचे दालन उघडले पाहिजे; 'पिठाचे पंजे' यांसारख्या त्यांच्या विनोदी लघुपटाचा केवळ नामनिर्देश करून भागणार नाही.

हा अभ्यास लांबणीवर टाकण्यासारखा नाही. मेलिएसने सुमारे पाचशे लघुपट काढले, त्यांपैकी दोनशेंच्या आसपास आज उपलब्ध आहेत. १९२३ साली विपन्नावस्थेत त्याने आपल्या मूळ फिती स्वतःच जाळल्या. फाळक्यांच्या चित्रपटांचे तर बहुतेक अवशेषच हाती आहेत. जे उरले आहे ते प्रौढ कलेची पहिली पावले म्हणून पाहिले, तर त्यात फक्त अपुरेपणा दिसेल.

त्यात पुरेपणा होता याचा पुरावा पुढील काळाने दिला. बस्टर कीटनच्या 'द प्लेहाऊस' (१९२१) या लघुपटात वादक, नट, प्रेक्षक सारे कीटनच आहेत. एका चित्रात तर नऊ कीटन एका रांगेत आहेत. भिंगापुढील झाकणीची एकेक पट्टी उघडीत, फीत पुन्हा पुन्हा मागे नेत, एल्जिन लेस्लीने हाताने मूठ फिरवून हे चित्र घेतले. वीस वर्षांपूर्वी मेलिएसने सात वादक केले होते. आगमाचा प्रकार तोच. परंतु कीटनच्या प्रेक्षागृहातील एक कीटन कार्यक्रमपत्रिका उघडतो, तीत प्रत्येक कामापुढे एकच नाव छापलेले त्याला दिसते, आणि तो शेजारी बसलेल्याला शांतपणे सांगतो की, हा कीटन म्हणजेच सारा खेळ दिसतो. चमत्कृती तेथे नवी नव्हती. नवे होते ते त्या प्रेक्षकाचे पत्रिका वाचण्याचे नेहमीचे वळण. आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यावरून देता येते : 'चमत्कृतिहास्य' हा समास द्वंद्वही नव्हे आणि पंचमी तत्पुरुषही नव्हे. त्यात एक मधले पद लुप्त आहे, आणि ते पद म्हणजे माणसाची सवय.